चेंडू दिसला की खेळ सुरू?

१७ डिसेंबर २०२५ च्या रात्री लखनऊच्या एकाना स्टेडियमवर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातला टी-ट्वेंटी सामना एकही चेंडू न पडता रद्द झाला. पंच मैदानात येत, पाहणी करत आणि परत जात; प्रेक्षक थंडीत कुडकुडत बसून राहिले. अधिकृत कारण सांगितले गेले ते दाट धुक्याचे. दुसऱ्या दिवशी वादाला तोंड फुटले. एक बाजू म्हणाली, ते धुके नव्हतेच, धुरके होते. हिवाळ्यात उत्तरेत सामने ठेवताच कशाला, दक्षिणेत न्या. दुसरी बाजू म्हणाली, उत्तर प्रदेशात डिसेंबरात धुके पडते हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, त्यात प्रदूषणाचे राजकारण आणू नका. मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि मला हा वाद मुळात चुकीच्या जागी चाललेला वाटतो.

त्या रात्री खेळ थांबला तो चेंडू दिसणार नाही म्हणून. खेळाडूंच्या छातीत काय जात होते याचा त्या निर्णयाशी काही संबंध नव्हता. समजा, सात वाजता हवेतली ओल थोडी कमी झाली असती, धुक्याचा पडदा विरला असता आणि धुराचे कण मात्र तितकेच राहिले असते, तर? नाणेफेक झाली असती, सामना रंगला असता आणि आज या विषयावर कोणी अवाक्षर काढले नसते. प्रकाश कमी झाला की पंच खिशातून प्रकाशमापक काढतात, आकडा वाचतात, खेळाडूंना आत नेतात. श्वासासाठी असा आकडा भारतीय क्रिकेटच्या नियमांत नाही, आपल्या शाळांच्या क्रीडा स्पर्धांतही नाही. तो लिहिला गेला पाहिजे, आणि वानखेडे किंवा एकानाच्या आधी तो तालुक्याच्या मैदानाला लागू झाला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

धुके की धुरके हा घोळ जुना आहे. लंडनकर शतकभर आपल्या काळ्या-पिवळ्या हवेला नुसते धुकेच म्हणत आले. धूर आणि धुके जोडून इंग्रजीत त्यासाठी 'स्मॉग' हा वेगळा शब्द रूढ झाला तो १९०५ च्या सुमारास, एका डॉक्टरमुळे. पण शब्द आला म्हणून शहाणपण आले नाही. १९३७ च्या नाताळच्या दिवशी चेल्सी आणि चार्ल्टन यांचा फुटबॉल सामना धुक्यामुळे सोडून देण्यात आला. चार्ल्टनचा गोलरक्षक सॅम बार्ट्रम मात्र आपल्या गोलपाशी एकटाच उभा राहिला, पोलिसाने येऊन सांगेपर्यंत त्याला सामना संपल्याचे कळलेच नाही. हा किस्सा लोक आजही हसत सांगतात. मग आला डिसेंबर १९५२. पाच दिवस लंडन कोळशाच्या धुरात बुडाले. व्हाइट सिटीवरची ग्रेहाउंडची शर्यत सोडून द्यावी लागली, कारण कुत्र्यांना पुढचा नकली ससा दिसेना. त्याच धुरात ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची मुले विंबल्डन कॉमनवर धावली. वाटेत उभे राहिलेले पंच "इकडून, इकडून" असे ओरडून त्यांना रस्ता सांगत होते. ससा दिसेना म्हणून कुत्रे थांबले, आणि श्वास कोंडत असताना माणसे मात्र धावत राहिली. त्या धुराने सुरुवातीच्या हिशेबानुसार चार हजार आणि नंतरच्या अभ्यासांनुसार बारा हजारांच्या आसपास माणसे नेली. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. लखनऊचा निर्णय त्या ग्रेहाउंडच्या शर्यतीच्याच जातीचा आहे. नजरेला अडथळा झाला तर नियम आहे, फुप्फुसाला झाला तर नाही.

यावर कोणी म्हणेल, खेळाडू काही आजारी म्हातारे नाहीत, त्यांना काय होते? हिशेब नेमका उलटा आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा घेतो. जीव तोडून धावणारा शंभर लिटरच्या पुढे जातो. शिवाय तो तोंडाने श्वास घेतो, म्हणजे नाकाची गाळणी बाजूलाच राहते, आणि हवा खोलवर ओढतो. अडीच मायक्रॉनहून बारीक कण अशाच श्वासातून थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात, काही रक्तातही उतरतात. या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली दिवसाची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, आपली ६०. आपण मराठी माणसांनी तर हे सांगायला कोणाकडे जायलाच नको. हुतूतूचा सगळा खेळ एका दमावर उभा आहे. दम तुटला की गडी बाद, हा नियम आपल्या आजोबांनी मातीत रेघ मारून पाळला. ज्या खेळात श्वास हाच डाव असतो, त्या खेळाच्या स्पर्धा आपण ऐन हिवाळ्यात, रात्रीच्या प्रकाशझोतात, डिझेलच्या जनरेटरशेजारी भरवतो.

गेल्या जानेवारीत मी भाच्याबरोबर आमच्या तालुक्याच्या मैदानावर गेले होते. पहाटेचे पावणेसहा. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर धावायचे, सेकंदासेकंदाला गुण. पन्नासेक पोरे होती, काही मुलीही. मैदानाच्या कडेला पालापाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि कुठलासा फाटका फ्लेक्स यांचा ढीग पेटवलेला होता. त्याचा धूर वर जातच नव्हता. कमरेएवढ्या उंचीवर पसरून एखाद्या चादरीसारखा आडवा पडला होता, आणि पोरे प्रत्येक फेरीत त्या चादरीतून आरपार जात होती. पलीकडे बायपासवर ट्रकांची रांग. तिसऱ्या फेरीला एक जण गुडघ्यांवर हात टेकून थांबला. "सर, छाती भरल्यासारखी वाटतेय." सर भला माणूस, फी न घेता शिकवणारा. म्हणाला, "दम वाढव बाळा, अजून दोन महिने आहेत." त्याच्या गळ्यात स्टॉपवॉच होते, शिट्टी होती. मुलाचा दम कमी पडतोय की हवा खराब आहे हे सांगणारे काहीच त्याच्याकडे नव्हते.

धूर आडवा का पडतो? हिवाळ्यात रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन तळाशी बसते आणि वर तुलनेने ऊबदार हवेचे झाकण बसते. रात्रभराचा धूर, धूळ, गाड्यांचे उत्सर्जन त्या झाकणाखाली साठते. ऊन चढले, जमीन तापली की झाकण उचलले जाते. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत ज्या 'सकाळच्या शुद्ध हवेसाठी' आपण मुलांना अंथरुणातून उठवतो, ती बहुतेक शहरांत दिवसातल्या सर्वांत वाईट हवेपैकी असते. आपल्या वडीलधाऱ्यांनी दिलेला सल्ला त्यांच्या काळात खरा होता, आता नाही. त्याच दिवशी साडेअकराला मी पुन्हा त्या मैदानावरून गेले. लख्ख ऊन होते, टेकडी स्पष्ट दिसत होती, मैदान रिकामे होते.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते किरकोळ नाहीत, आणि त्यांना बगल देऊन मला पुढे जायचे नाही.

पहिला मुद्दा क्रिकेटवेडे मांडतात. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या कोटलावर श्रीलंकेचे खेळाडू तोंडाला मास्क लावून उतरले, खेळ थांबला, गोलंदाज बाहेर गेले, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्याच हवेत विराट कोहलीने २४३ धावा काढल्या. मग हवा इतकी वाईट होती कुठे? बिनतोड वाटतो खरा हा सवाल. पण त्याच कसोटीत पुढे सुरंगा लकमल मैदानावर ओकला आणि आपल्या मोहम्मद शमीलाही उलटी झाली. एका असामान्य शरीराने एका दिवशी काय सहन केले यावरून हवेची प्रत ठरवायची, तर हेल्मेटशिवाय वेगवान मारा खेळलेल्या सुनील गावसकरांकडे बोट दाखवून आज हेल्मेटही काढून टाकता येईल. शिवाय इजा नेहमी धावफलकावर दिसतेच असे नाही. जर्मनीतल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासात हवेतले कण वाढले की पासची संख्या घटते असे आढळले. अमेरिकेत बेसबॉलचे पंच खराब हवेच्या दिवशी जास्त चुकतात असेही दिसले. खेळाडू कोसळत नाही, थोडा थोडा कमी होत जातो.

दुसरा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. बांधकामावरची बाई, चौकातला वाहतूक पोलीस, रिक्षावाला आणि कचरा वेचणारे पोर रोज बारा तास हीच हवा ओढतात. त्यांच्यासाठी कोणी पंच नाही, आणि आपण बावीस कोट्यधीशांच्या श्वासाची चिंता करतो! हा आरोप मी मान्य करते. क्रिकेटपटूला चांगल्या हवेत हलवले आणि शहर तसेच सोडले तर तो निव्वळ पळपुटेपणा ठरेल. म्हणूनच 'सामने दक्षिणेत न्या' हे उत्तर मला पटत नाही. लखनऊचा सामना हलला तरी लखनऊची शाळा तिथेच राहते. पण या युक्तिवादातून 'म्हणून खेळाचे बोलूच नका' असे कसे निघते? चौकातल्या पोलिसाचा खोकला कोणी दाखवत नाही. मैदानावर मास्क लावलेला गोलंदाज सारे जग पाहते. २०१७ आधीही दिल्ली गुदमरत होतीच. २०१६ च्या नोव्हेंबरात तिथले दोन रणजी सामने धुरक्यामुळे रद्द झाले होते, ते किती जणांना आठवतात? मैदानावर आकडा लावला की तो त्या मजुराचाही आकडा होतो, कारण कुंपणाच्या आतली आणि बाहेरची हवा एकच असते.

तिसरा मुद्दा डॉक्टरांचा, आणि तो खरा आहे. व्यायामाचा फायदा इतका मोठा आहे की मध्यम प्रदूषणातही चालणे, सायकल चालवणे बहुतेकांच्या हिताचेच ठरते. मुलांना घरात कोंडले तर ती मोबाइलवर बसतील, वजन वाढेल, आणि घरातली हवा तरी कुठे स्वच्छ असते? नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या शाळांच्या मैदानी स्पर्धा सुरक्षित महिन्यांत नेण्याचा विचार करायला सांगितले, तेव्हा कित्येक पालकांनी हेच विचारले. मी खेळबंदीच्या विरोधातच आहे. पण एक अभ्यास इथे आठवावा. दक्षिण कॅलिफोर्नियात दमा नसलेल्या साडेतीन हजारांवर मुलांचा काही वर्षे पाठपुरावा केला गेला. २००२ मध्ये निष्कर्ष आले. हवेत ओझोन हा प्रदूषक वायू जास्त असलेल्या वस्त्यांत तीन किंवा अधिक खेळ खेळणाऱ्या मुलांना दमा होण्याची शक्यता न खेळणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक निघाली. स्वच्छ वस्त्यांत तितकेच खेळणाऱ्या मुलांत असे काही आढळले नाही. वर्गातले सर्वांत चपळ, सर्वांत धावरे पोर आजारी पडले, आणि दोष खेळाचा नव्हता. याच प्रदेशात पुढे वाहनांचे आणि इंधनाचे नियम कडक झाले, हवा सुधारली. १९९४ ते २०११ या काळातल्या मुलांच्या तीन तुकड्या तपासल्या तेव्हा फुप्फुसाची क्षमता धोक्याच्या पातळीखाली असलेल्यांचे प्रमाण जवळजवळ ८ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले होते. धोरणाने मुलांची छाती रुंदावते, याहून सरळ पुरावा आणखी काय हवा?

उरला आकड्याचा आक्षेप. अमुक इतके मायक्रोग्रॅम झाले की खेळ बंद, ही रेघ मनमानी नाही का? आहे. यष्टीपासून पॉपिंग क्रीजची रेघ किती अंतरावर हेही कोणीतरी ठरवलेच. मेलबर्नमध्ये जानेवारी २०२० मध्ये वणव्यांचा धूर पसरला, ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीत स्लोव्हेनियाची दलिला याकुपोविच एक सेट जिंकलेला असताना खोकत गुडघ्यांवर बसली आणि सामना सोडून गेली. आयोजकांवर टीकेची झोड उठली. मुख्य स्पर्धा सुरू व्हायच्या आत त्यांनी पाच पायऱ्यांचा लेखी नियम जाहीर केला. बारीक कण २०० मायक्रोग्रॅमला पोचले की खेळ थांबवायचा. काही दिवसांत झाले हे काम! अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या संस्थेचाही नियम आहे: तिथल्या हवा निर्देशांकाने २०० ओलांडले की खेळ पुढे ढकलण्याचा गंभीर विचार करा, ३०० ला पोचला की मैदानावर नकोच. ते देश आपल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ हवेत राहतात आणि तरी त्यांना नियमाची गरज वाटली.

आपल्याकडे आकडा ठरवताना एक खाचखळगा आहे. मोबाइलवर दिसणारा आपला सरकारी हवा निर्देशांक कणांच्या बाबतीत गेल्या २४ तासांची सरासरी घेतो. संध्याकाळी सातच्या सामन्याला किंवा पहाटे सहाच्या सरावाला तो निरुपयोगी. मैदानावरच्या यंत्राचे गेल्या तासाभराचे वाचन धरले पाहिजे, मायक्रोग्रॅममध्ये. आणि निर्णय आयोजकाकडे असता कामा नये. तिकिटे विकलेल्या, प्रक्षेपणाचे पैसे घेतलेल्या माणसाला 'हवा बरी आहे का' असे विचारले तर तो काय सांगेल? तो अधिकार सामन्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा, शाळेत क्रीडाशिक्षकाचा. आमच्या मैदानावरच्या त्या सरच्या हाती 'आज फक्त स्ट्रेचिंग' म्हणायला एक कागदी आधार हवा, म्हणजे पालक आणि मुख्याध्यापक त्याला कामचुकार म्हणणार नाहीत.

वेळापत्रक बदलता येते का? येते. दिल्लीची अर्धमॅरेथॉन नोव्हेंबरात व्हायची. २०१७ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, शर्यत तरीही झाली. पुढच्या वर्षी ती ऑक्टोबरात आली. महाराष्ट्रात हे इतके सोपे नाही, हेही सांगते. आपली हवा सर्वांत स्वच्छ पावसाळ्यात, तेव्हा मैदानांची तळी होतात. ऑक्टोबरात उन्हाचा ताप, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा. म्हणून शाळांचे क्रीडा महोत्सव डिसेंबर-जानेवारीत येऊन पडतात. महिने हलवता आले नाहीत तर निदान तास हलवा: संचलन आणि धावण्याच्या शर्यती सकाळी सातला नकोत, अकरानंतर घ्या. जानेवारीचे ऊन कोणाला मारत नाही. पावसाळ्यासाठी प्रत्येक तालुक्याला एक चांगले छप्पर असलेले क्रीडांगण मिळाले तर कबड्डी, खो-खोचा निम्मा हंगाम तिकडे नेता येईल. आणि मैदानाच्या कडेला कचरा जाळणे, शेजारी रेडीमिक्स काँक्रीटचा प्लांट उभा करणे यांना परवानगीच मिळू नये. शिवाजी पार्कच्या लाल धुळीबद्दल दादरकर वर्षानुवर्षे तक्रार करत आहेत. जिथून मुंबईचे क्रिकेट उगवले तिथली ही अवस्था. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्राची १९ शहरे आहेत, देशात सर्वाधिक. त्यांच्या आराखड्यांत रस्ते, बांधकामे, स्मशानभूमी, बेकऱ्या सगळे येते. खेळाचे मैदानही यायला हवे.

खेळ हवा साफ करू शकत नाही, हे मला कळते. बीजिंगने २००८ च्या ऑलिंपिकसाठी सम-विषम गाड्या चालवल्या, कारखाने थोपवले. पण दम्याच्या त्रासामुळे इथिओपियाचा धावपटू हाइले गेब्रसेलासी आधीच मॅरेथॉनमधून हटला होता. खेळ संपले आणि धूर परत आला. हा देखावा होता, असे म्हणणारे बऱ्याच अंशी बरोबर आहेत. पण त्या काही आठवड्यांत गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात असलेल्या बीजिंगमधल्या आयांची बाळे इतर वर्षांपेक्षा सरासरी २३ ग्रॅमने जड जन्मली. नळ बंद केला की पाणी थांबते हे साऱ्या शहराने एकदा पाहिले. २०१३ मध्ये चीनने पाच वर्षांचा कृती आराखडा आणला आणि पुढच्या काही वर्षांत बीजिंगची हवा लक्षणीय सुधारली.

आपल्यापुढे तसाच प्रसंग येतोय. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत, २०३६ च्या ऑलिंपिकची इच्छा आपण बोलून दाखवली आहे. यजमानपद मागणाऱ्या शहराकडून स्टेडियमचे नकाशे आणि हॉटेलच्या खोल्या मागितल्या जातात. त्यासोबत प्रत्येक स्पर्धास्थळाची दर तासाची हवेची वाचने मागावीत, सलग तीन हिवाळ्यांची, सर्वांना पाहता येतील अशी. रणजी सामना द्यायचा तरी हीच अट, जिल्हा शालेय स्पर्धा द्यायची तरी हीच. २०३० पर्यंत अजून काही हिवाळे हाती आहेत. पहिले यंत्र या वर्षीच्या दिवाळीआधी बसवता येईल, आणि ते स्टेडियमच्या व्हीआयपी गॅलरीत न बसवता सरावाच्या मैदानावर, मुलाच्या तोंडाच्या उंचीवर बसवावे.